अल्गी स्क्रबर नीट चालत नाही? नागपूरच्या रीफ टँकवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

घरी खाऱ्या पाण्याचा टँक पाहायला येणारा माणूस आधी क्लाऊनफिश पाहतो, मग खालचं कपाट उघडतो अन् तिथली गुलाबी लाईट पाहून विचारतो का हे काय आहे बे. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर, त्यामुळे इथे रीफ, म्हणजे जिवंत कोरलचा (प्रवाळाचा) टँक ठेवणारे मोजकेच, अन् ज्यांनी स्क्रबर लावला ते सगळे मला तेच तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला वेगळं टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. माझा टँक चार फुटी आहे, खरं पाणी सव्वादोनशे-अडीचशे लिटरच्या आसपास, आकडे त्या हिशोबाने घ्या.

स्क्रबर म्हणजे नेमकं काय, थोडक्यात सांगा न

खरखरीत प्लास्टिकच्या जाळीवरून टँकचं पाणी पातळ पडद्यासारखं सोडायचं, दोन्हीकडून कडक लाईट मारायची, तिथे शेवाळ उगवतं, ते पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट खातं, अन् आठवड्या-दोन आठवड्यांनी आपण ते खरवडून टँकच्या बाहेर काढायचं. बस. जे शेवाळ दगडांवर उगवून डोकं खाणार होतं ते आपण दिलेल्या जागी उगवतं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांनी खऱ्या रीफवरची आखूड शेवाळाची गादी पाहून ही कल्पना काढली, १९८२ मधे त्याचं पेटंट झालं. त्यांच्या यंत्रात पाण्याची ट्रे भरली का उलटायची अन् लाट यायची, आपण घरी करतो तो पडदावाला प्रकार नंतरचा.

नवा लावला, तीन आठवडे झाले, नुसता भुरका चिकट थर येऊन राहिला. फेल गेला का?

नाही, सगळ्यांचं असंच होते. पहिले काही आठवडे भुरकी चिकट साय येते, ती डायटम अन् बाकी बारीकसारीक जीवांची असते, मग हळूहळू कुठेतरी हिरवे ठिपके दिसतात अन् महिना-दीड महिन्यात केस धरतात. कोणाचं तीन आठवड्यांत होते, कोणाला दोन महिने लागतात. या काळात साय बोटाने हलकी पुसून काढायची, ब्रशने घासायचं नाही, कारण त्याच सायीखाली हिरव्याची मुळं धरत असतात. लाईट पहिले दोन आठवडे नऊ-दहा तासच ठेवा, एकदम अठरा तास मारली तर कोवळं शेवाळ जळते. कोणाकडे जुना चालू स्क्रबर असेल तर त्याच्या जाळीवरचं मूठभर शेवाळ आणून आपल्या जाळीवर चोळा, काम लवकर होते, पण त्याच्या टँकमधे मासे आजारी नाहीत न हे आधी विचारा.

दोन महिने झाले, जाळीवर काहीच नाही, चकचकीत प्लास्टिकच दिसते

मग पहिले जाळीला हात लावून पाहा. तोरण-पर्स विणायची जी चौकोनी भोकांची प्लास्टिकची जाळी मिळते, वुलनच्या दुकानात, तीच आपण वापरतो, अन् ती गुळगुळीत असते. हॅकसॉ ब्लेडने आडवी, उभी, तिरपी अशी दोन्ही बाजूंनी इतकी खरवडायची का ती निवडुंगासारखी टोचली पाहिजे. मी पहिल्या वेळी पाच मिनिटं घासून समाधान मानलं होतं, शेवाळ यायचं अन् पूर्ण चादर एका रात्रीत सरकून खाली सम्पमधे, म्हणजे कपाटातल्या खालच्या टाकीत. दुसऱ्यांदा टीव्हीसमोर बसून तासभर घासली, सोफ्यावर हिरवा-पांढरा भुगा झाला, घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण ती जाळी आजपर्यंत चालू आहे.

जाळी बरोबर असेल तर पाणी मोजा. पडद्याच्या दर इंच रुंदीला तासाला साधारण १३० लिटर पाहिजे. माझी जाळी चार इंच रुंद, म्हणजे ५२० लिटर, म्हणजे मिनिटाला साडेआठ-नऊ लिटर. पंपाच्या डब्यावरचा आकडा पाहू नका, तो शून्य उंचीचा असतो, वर चढवलं का अर्धा होते. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घ्या, पाइपचं पाणी त्यात सोडा अन् मोबाईलवर घड्याळ लावा, ३५ सेकंदांत भरला तर चार इंचाला बरोबर आहे, सव्वा मिनिट लागलं तर शेवाळ कशाला उगवेल.

तिसरं कारण असं का त्याला खायलाच नाही. एकीकडे जबर स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), दुसरीकडे फॉस्फेट काढणारं जीएफओ, वरून नायट्रेट खाणारे बॅक्टेरिया वाढवायला व्होडका नाहीतर व्हिनेगर डोसिंग, अन् मासे दोन. मग तुम्हाला स्क्रबर पाहिजेच काहून?

साइज किती पाहिजे?

टँकच्या लिटरवर नाही, रोजच्या खाण्यावर. फ्रोजन खाद्याची एक क्यूब रोज टाकत असाल तर दोन्हीकडून लाईट असलेली १२ चौरस इंच जाळी, दोन क्यूब तर २४, म्हणजे चार बाय सहा. लाईट एकाच बाजूने असेल तर दुप्पट जाळी. एलईडी दोन्ही बाजू मिळून चौरस इंचाला अर्धा वॅट धरा, खरा वॅट, खोक्यावरचा "५० वॅट इतका उजेड" वाला नाही. डीप रेड ६६० नॅनोमीटरचे जास्त, मधे एखाद-दुसरा निळा. सीताबर्डीत मिळणारा साधा वॉर्म व्हाइट बल्बही चालतो, मी सहा महिने त्यावरच काढले, फक्त कूल व्हाइट घेऊ नका, त्यात लाल कमी असते.

रंग पाहून काय ओळखायचं?

हा खरा प्रश्न. माझं स्पष्ट मत आहे का टेस्ट किट नंतर, आधी जाळी काढून खिडकीत उजेडात धरा. नव्वद टक्के वेळा स्क्रबर बिघडलेलाच नसतो, तो फक्त टँकमधे काय चाललं ते दाखवून राहिलेला असतो अन् आपण त्यालाच शिव्या देतो.

पोपटी ते गडद हिरवे लांब केस, हाताला मऊ, पिळलं का पाणी निघते, असं असेल तर काहीही करू नका, हे पान बंद करून चहा प्या.

काळपट भुरकं, तेलकट, तर्रीवर जसा तवंग येतो तसं, हात लावला का सुटून येते, असं असेल तर पाण्यात शेवाळाचं खाणं, म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट, भरपूर अन् त्यामानाने लाईट कमी. नवीन टँकमधे किंवा जुना मळलेला टँक सुधारायला घेतला का हे येणारच. लाईटचे तास दोन-दोनने वाढवा, जाळी चार-पाच दिवसांनी धुवा, पाणी बदला. हळूहळू भुरक्याचं हिरवं होते, माझ्या एका मित्राच्या टँकला तीन महिने लागले कारण फॉस्फेट १ पीपीएमच्या वर होतं, जे असायला पाहिजे पॉइंट शून्य तीन ते पॉइंट एकच्या मधे.

पिवळं, रबरासारखं, जाड अन् चिवट, खरवडताना चामड्यासारखं निघते, हे उलटं, लाईट जास्त अन् खाणं कमी. तास कमी करा, अठराचे दहा करा, नाहीतर एलईडी दोन इंच मागे घ्या. पाण्याचा प्रवाह कमी पडला तरी असंच होते. कधीकधी लोह संपलेलं असते, शेवाळाला हिरवं व्हायला लोह लागते, तेव्हा रीफसाठीचं लोह बाटलीवर लिहिलंय त्याच्या पाव मात्रेने सुरू करून पाहा. झाडांना टाकायचं फेरस सल्फेट टाकू नका, एकाने टाकलं होतं, पुढचं विचारू नका.

मधोमध पांढरं अन् कडेने हिरवं, म्हणजे एलईडीच्या अगदी समोरची जागा जळाली. समोर ट्रेसिंग पेपरसारखं काही दुधी ॲक्रिलिक लावा.

लाल-जांभळी मखमली चादर, वर बुडबुडे, वास घाण, हे शेवाळच नाही, सायनोबॅक्टेरिया. जिथे पाणी पोचत नाही तिथेच बसते. पूर्ण काढून टाका अन् प्रवाह सुधारा.

एक गोष्ट मात्र पाळा. तास, प्रवाह, खाणं, यातलं एका वेळी एकच बदला अन् दोन आठवडे थांबा. आपले लोक रविवारी चार गोष्टी बदलतात अन् बुधवारी फोन करतात.

पट्ट्यापट्ट्यांनी उगवते, मधे मधे टक्कल

जाळीवर पाणी सोडणाऱ्या पाइपची फट चोंदली. पाऊण इंची पीव्हीसीला जी तीन मिलिमीटरची फट कापतो तिच्या आत उजेड शिरतो अन् शेवाळ तिथेही उगवते, नाहीतर गोगलगायीचं पिल्लू अडकते. जुनं एटीएम कार्ड फटीत घालून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढा, झालं. कायमचा उपाय म्हणजे पाइपवर काळी टेप गुंडाळून फटीपर्यंत उजेड जाऊ न देणं, अन् पाइपच्या टोकाला एंड कॅप चिकटवून न टाकता नुसती दाबून बसवणं म्हणजे काढून ब्रश मारता येतो.

जाळीवर भरभरून येते, तरी दगडांवरचं हेअर अल्गी (केसांसारखं शेवाळ) जात नाही

किती दिवस झाले विचारलं तर म्हणतात पंधरा दिवस. अहो, दगड स्पंजसारखे असतात, वर्षभर जे फॉस्फेट शोषलं ते ते हळूहळू सोडतात, आधी दगडावरचं शेवाळ फिकं पडते, मग विरळ होते, मग उपटलं तर सहज सुटते, याला दोन-तीन महिने द्या. अन् टेस्टमधे फॉस्फेट शून्य दिसते म्हणून खूश होऊ नका, ते पाण्यात नाही कारण दगडावरच्या शेवाळानेच खाल्लेलं असते. मदत म्हणून दर आठवड्याला हाताने उपटा, पाणी बदलताना पाइपने ओढून घ्या, टँकची डिस्प्ले लाईट आठ तासांवर आणा म्हणजे स्क्रबरची जागा शेवाळाला जास्त सोयीची वाटेल. दगड नवे घ्यायचे असतील तर कोरडे किंवा सिरॅमिकवाले घ्या, कोकणातून कोणी प्रवाळाचा दगड "आणून देतो" म्हणाला तर नको म्हणा, आपल्या समुद्रातले कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मधे आहेत, वाघाच्या रांगेत.

आता नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्य अन् कोरल फिके पडून राहिले

स्क्रबर जास्तच चांगला चालला. कोरललाही थोडं खाणं लागते, नायट्रेट २ ते १० पीपीएम अन् फॉस्फेट वर सांगितलं तेवढं असू द्या. दोन्ही शून्यावर बसले का वाळूवर बुडबुड्यांवाली भुरकी शेंबडासारखी तार येते ती डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव), अन् तिच्यापेक्षा हेअर अल्गी बरं म्हणायची वेळ येते. लाईट सहा-सात तासांवर आणा, माशांना जास्त खाऊ घाला, जीएफओ आधी काढा. स्क्रबर एकदम बंद करू नका.

किती दिवसांनी धुवायचं अन् कसं?

सात ते चौदा दिवस, पण तारखेवर नाही, जाडीवर. अर्धा-पाऊण इंच जाड झालं का आतल्या थराला उजेड पोचत नाही, तो सडतो, मुळापासून सुटतो अन् जे खाल्लं होतं ते परत पाण्यात ओकतो. सम्पमधून पाणी वर टँकमधे नेणाऱ्या रिटर्न पंपात हिरवे गुच्छ सापडत असतील तर समजा उशीर झाला.

माझी पद्धत सांगतो. रविवारी सकाळी पंप बंद, जाळी काढून बेसिनवर, नळाच्या पाण्याखाली धरून बोटांनी अन् बोथट स्क्रेपरने वरून खाली ओढायचं, हिरव्या शेवयांसारखं घरंगळत येते. जाळीचे चौकोन दिसायला लागले अन् त्यात हिरवी सावली उरली का थांबायचं. पांढरीशुभ्र करायची हौस ठेवू नका, ती भांडी नाहीत, मुळं गेली तर पुन्हा महिनाभर थांबा. नळाचं गोडं पाणी लागल्याने शेवाळ खाणारे बारीक किडे मरतात तेही चांगलंच. मग आरओ पाण्याने एकदा खंगाळून परत जागेवर, दहा मिनिटांत काम. काढलेलं पिळून किचनच्या काट्यावर तोला अन् वहीत लिहा, माझं साधारण ८० ते १२० ग्रॅम येते, एखाद्या आठवड्यात ४० आलं का मला टेस्ट करायच्या आधीच कळते का काहीतरी हललं.

मे महिन्यात दरवर्षी स्क्रबर झोपते, काहून?

बाहेर ४५, खोलीत कूलर लावून ३०-३१, टँक २९. शेवाळापेक्षा कोरलचे हाल जास्त. पण स्क्रबर झोपायचं खरं कारण उन्हाळ्यात बहुतेक वेळा बाष्पीभवन असते. पडद्यासारखं पाणी पडते, हवा कोरडी ठक्क, माझ्याकडे मे मधे दिवसाला पाच-सहा लिटर उडते. सम्पमधली पातळी खाली गेली का पंप हवा ओढतो, प्रवाह अर्धा, अन् आपल्याला वाटते गर्मीने झालं. वरून २३० लिटरमधून ६ लिटर उडाले का खारटपणा ३५ चा जवळजवळ ३६ होते, दोन दिवस लग्नाला गेलं का हिशोब तुम्हीच करा. म्हणून नागपुरात ऑटो टॉप-अप, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरून देणारी सोय, ही चैन नाही, फ्लोट व्हॉल्व्हवाला साधा लावा पण लावा.

हेच बाष्पीभवन कामाचंही आहे. सम्पवर टेबल फॅन मारला का पाणी दोन-तीन डिग्री खाली येते. पण त्याच बंद खोलीत कूलर चालू असेल तर हवा आधीच ओली, फॅनचा उपयोग होत नाही, खिडकी उघडी ठेवा. जुलै-ऑगस्टमधे तर फॅन नुसताच फिरतो. एसी किंवा चिलर परवडत असेल तर प्रश्नच मिटला. स्क्रबरची लाईट उन्हाळ्यात रात्रीच चालू ठेवा, तेवढी उष्णता दुपारी कमी.

टॉप-अपला घरच्या फिल्टरचं पाणी चालेल का?

इथे सगळ्यात जास्त टँक मरतात, म्हणून नीट वाचा. पिण्याच्या आरओमधे चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असते, टीडीएस ५० ते १०० च्या आसपास राहते. बोअरवेलचं असेल तर आणखी. त्यातून सिलिकेट, नायट्रेट येते अन् जाळीवर कायमची भुरकी साय. अन् आता बरेच फिल्टर "कॉपर"वाले आहेत, पाण्यात मुद्दाम तांबं सोडतात. माणसाला चांगलं असेल, कोळंबी, गोगलगाय अन् कोरलला विष आहे. आरओनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावा, टीडीएस मीटर शून्य दाखवला पाहिजे. तांब्याच्या कळशीतलं पाणी तर विचारूही नका, एका काकांनी "शुद्ध" म्हणून तेच टाकलं होतं.

घरची लाईट गेली तर?

तासभर गेली तर काही नाही. उन्हाळ्यात तीन-चार तास गेली का जाळी वाळते, कडा पापडासारख्या होतात. मी पंप बंद दिसला का जाळी काढून सम्पच्या पाण्यात आडवी ठेवतो. इन्व्हर्टरवर रिटर्न पंप अन् वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) घ्या, स्क्रबरची लाईट घेऊ नका. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर घरच्या करंटचा एसी पंप गूं गूं करतो अन् तापतो, डीसी पंप बरा. रात्रभर बंद राहून जाळीला वास आला तर ती बाहेरच धुवा, वास असलेली जाळी परत चालू केली का सगळं मेलेलं पाण्यात.

स्क्रबरची लाईट दिवसा का रात्री?

रात्री. टँकची लाईट बंद झाली का कार्बन डायऑक्साइड वाढतो अन् पीएच पडतो, रात्री स्क्रबर तो खातो म्हणून पीएचचा झोका कमी होते. एसी लावून बंद ठेवलेल्या फ्लॅटमधे पीएच ७.८ वरच अडकतो, तिथे फरक लगेच दिसते.

पाणी पिवळट दिसते

शेवाळातून थोडा रंग सुटतो, विशेषतः न धुता राहिलं तर. पिशवीत ॲक्टिव्हेटेड कार्बन, महिन्याला बदला.

खळखळ आवाज अन् टँकमधे बारीक बुडबुडे

जाळीचं खालचं टोक पाण्यात बुडलेलं ठेवा. तेवढंच.

स्किमर काढून टाकू का?

पहिले सहा महिने नको.

परवा सगळं ठीक होतं, आज कोळंबी मेली, स्क्रबरमुळे का?

गल्लीत डासांची फॉगिंग झाली होती का, घरात मच्छरचा स्प्रे मारला का, आधी हे आठवा. पायरेथ्रॉइडवाली औषधं कोळंबी-खेकड्यांना अगदी थोडी पुरतात, अन् पडद्यासारखं पडणारं पाणी हवेतलं सगळं धुऊन आत घेते. फॉगिंगची गाडी ऐकू आली का मी खिडक्या लावतो, कूलर बंद करतो अन् स्क्रबरवर ओलं फडकं टाकतो.

हात लावला का झिणझिण्या येतात

हात लावू नका! मेन स्विच बंद. खारं पाणी उडून एलईडीच्या जोडांवर मिठाचे कोंब येतात, त्यातून करंट. ३० मिलिॲम्पची ईएलसीबी (करंट गळला का आपोआप बंद होणारा स्विच) लावून घ्या, वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवा म्हणजे पाणी ओघळून प्लगमधे जाणार नाही, अन् अर्थिंग खरंच आहे का वायरमनला तपासायला लावा, जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो अन् तिसऱ्या पिनेला मागे काहीच नसते.

काढलेलं शेवाळ झाडांना टाकलं तर चालते का?

दोन-तीनदा गोड्या पाण्यात भिजवून, पिळून, मीठ घालवून कंपोस्टमधे टाका, चालते. थोडं टँग माशाला द्या, तो तुटून पडतो. मी पहिल्या वेळी न धुता बादलीत ठेवलं होतं, आईला वाटलं चांगलं हिरवं खत आहे, तिने सगळं तुळशीत टाकलं. आठ दिवसांत तुळस गेली. नवी आणली आहे, पण ती आता गॅलरीच्या पार दुसऱ्या टोकाला आहे अन् रविवारी मी बेसिनवर उभा असलो का आई आधी तिकडे जाऊन बसते.